तळमजल्यावर विधवा, दुसऱ्या मजल्यावर बायको

कोशे, पेरीन. स्त्री. विधवा. जन्म पॅरिस, वास्तव्य पॅरिस; मुक्काम सां-मार्तां रस्त्यामागील गल्ली, विहिरीचे अंगण, तळमजला, डावी बाजू. बांधा आडवा. आवाज अंगणास पुरेल इतका. केसांचा रंग टोपीमुळे नमूद करता आला नाही. धर्माचरण नियमित. धंदा ओतारकाम, सदर धंद्याचा अधिकार स्वतःचा नसून मयत उस्ताद जिल कोशे, ओतारी मंडळ, यांची पत्नी या नात्याने प्राप्त झालेला. अधिकाराची मुदत पुनर्विवाहापर्यंत. नवरा मुलगा ओतारीच असल्यास मुदत पुढे चालू. भट्टी एक, धुराडे एक, नमुन्यांचे कपाट एक. मंडळाच्या दप्तरी तक्रार नाही.

लग्नाआधी जिल कोशेला कासं ओतता येत नव्हतं. ते त्याला पेरीननं शिकवलं.

आमचं घर बांधणाऱ्यानं ते बहुधा भिंतीवरच्या घड्याळांसाठीच बांधलं असावं. तळमजल्यावर कोशेबाई घड्याळाचं घर कासं ओतून काढायची, तुकड्यातुकड्यानं. पहिल्या मजल्यावर सिमोनो नावाचा कोरणीवाला त्या तुकड्यांवर छिन्नी चालवून पानांना शिरा आणि पोरांना नाकं काढायचा. दुसऱ्या मजल्यावर उस्ताद आंसेल्म ग्रादो त्यावर सोन्याचा मुलामा चढवायचे. छपराखाली मी राहायचो. तांब्याच्या पत्र्यावर पांढरा मिना भाजून त्यावर आकडे लिहिणं हे माझं काम. घड्याळ असं खालून वर चढत जाई आणि दर मजल्याला थोडं महाग होई. मग ते सगळे जिने उतरून, पूल ओलांडून मस्यू लपँ या घड्याळजींच्या दुकानात जाई. तिथं त्यात यंत्र बसे. यंत्रही लपँ दुसऱ्याकडूनच करून घेत. तबकडीवर मात्र ठळक अक्षरांत लपँ यांचं नाव असे, आणि ते मी लिहीत असे. माझं अक्षर चांगलं होतं.

म्हातारे राजे, पंधरावे लुई, अजून गादीवर होते तेव्हाची ही गोष्ट. माणूस काय खातो याची चौकशी पाद्री उपासाच्या दिवसांतच करायचे. माणूस काय बनवतो याची चौकशी मंडळांचे पंच वर्षभर करायचे. ओताऱ्यानं मुलामा द्यायचा नाही. मुलामेवाल्यानं कासं वितळवायचं नाही. मी मिना भाजायचा, पण तबकडीमागचा खिळाही ठोकायचा नाही. पंच न सांगता येत, जिने चढत, आणि परका हात लागलेला माल दिसला की तो उचलून नेऊन मोडीत काढत. उस्तादानं असा परका हात लावू दिला असेल तर त्याची उस्तादी जाई. उस्तादी गेलेला माणूस पॅरिसमध्ये काय करतो, हे आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर रोज पाहत होतो.

ग्रादोबाबा उंच, वाकलेले आणि सभ्य होते. दात थोडे राहिले होते, पण कामापुरते होते, कारण मुलामा देताना ते दातांत सोन्याचं नाणं धरायचे. हे सगळेच मुलामेवाले करत. सोनं पाऱ्यात कालवून लोणी करायचं, ते कुंचल्यानं कास्यावर फासायचं, आणि तुकडा निखाऱ्यांवर धरायचा. पारा धूर होऊन उडतो, सोनं मागे राहतं. आता पाऱ्याला सोन्याचा लोभ. धूर माणसाच्या तोंडात शिरायला निघाला आणि दारातच त्याला सोनं दिसलं, की तो तिथंच चिकटणार आणि माणूस वाचणार. यात तथ्य नव्हतं असं नाही. संध्याकाळपर्यंत नाणं खरंच चांदीसारखं पांढरं होई. मग ग्रादोबाबा ते त्याच खोलीत विस्तवावर धरून पुन्हा पिवळं करून घेत.

ग्रादोबाबांना कोशेबाईशी लग्न करायचं होतं. हे गुपित नव्हतं. मुलामेवाल्यांच्या सणाला अंगणात सगळे एकत्र जेवत, आणि दरवर्षी चीज पानात आलं की ते विचारत.

“पेरीन, करायचं का मग?”

“काय?”

“तेच. गेल्या वर्षीचं.”

“भट्टीचं काय होईल?”

“विझेल.”

“मग नको. पाव इकडे दे.”

सिमोनो म्हणायचा, “फोबूर सां-आंत्वानला राहायला जा की दोघं. तिथं पंचांना कुत्रं विचारत नाही. भट्टी पेटवा, मुलामा द्या, पोरं काढा.”

“आणि लपँ तिकडे येणार माल घ्यायला?” कोशेबाई म्हणायची. “त्याला हा पूल ओलांडायचा तर गाडी लागते. शिवाय भट्टी काय मी डोक्यावर घेऊन जाऊ? ती बापानं बांधलीय, तिची वीट न् वीट मला ओळखते.”

ग्रादोबाबा हसून पाव द्यायचे. दोघंही रविवारी तटाबाहेर फिरायला जात, खानावळीत एकेक पेला वाइन घेत, आणि उजेड असतानाच घरी परत येत. ती डावीकडे वळे, ते जिना चढत.

मग ग्रादोबाबांचे हात कापू लागले.

पाऱ्याच्या धंद्यात ते ठरलेलंच असतं, फक्त कोणी आपल्याबद्दल तसं म्हणत नाही. आधी कोटाची बटणं लागेनात. मग सुपाचा वाडगा जिन्यातच निम्मा रिता होऊ लागला. मग सोनं. ते एका जागी थापलं जाई, दुसऱ्या जागी लागतच नसे. लपँ यांच्याकडून एक जोडी मेणबत्तीच्या खांबांची परत आली. निरोप आणणाऱ्या नोकरानं निरोप विसरल्यासारखं केलं, इतका तो वाईट असावा.

त्याच सुमारास रूआंच्या एका न्यायाधीशांच्या जेवणघरासाठी भिंतीवरच्या घड्याळाचं काम आलं. वर बासरी वाजवणारा पोरगा, खाली मान वर करून ऐकणारा कुत्रा, मध्ये पानंच पानं. अख्ख्या घड्याळात एक रेघ सरळ नाही. कोशेबाईनं ते इतकं नेटकं ओतलं की सिमोनो वैतागला. “मला कोरायला काही ठेवायचंस तरी,” म्हणाला. तुकडे ग्रादोबाबांकडे गेले. दोन दिवस खाली काहीच उतरलं नाही, तेव्हा कोशेबाई वर चढली.

ते कुत्र्यासमोर बसले होते. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून कुंचला टेकवायचा प्रयत्न चालला होता. कुत्र्याच्या एका कानाला सोन्याचा गोळा लागला होता.

“सरक,” ती म्हणाली.

“पेरीन, तुला परवानगी नाही.”

“कुत्रा माझा आहे. सरक.”

त्यांनी सरकून सांगायला सुरुवात केली: इथं पातळ, इथं जरा जास्त, आता विस्तवावर, आता फिरव, पुरे. तिचा हात वितळलेलं कासं साच्यात ओतण्यात तयार झालेला. कुंचला त्याला जड नव्हता.

“नाणं धर दातांत,” ते म्हणाले.

“शी! तुझ्या तोंडातलं?”

“धुऊन देतो.”

“मला तोंड बोलायला लागतं. तूच धर.”

म्हणून ते धरू लागले. पुढे ही व्यवस्थाच ठरून गेली. कोशेबाई मुलामा देई, आणि तिच्या वतीनं ग्रादोबाबा शेजारी उभे राहून नाणं चावत. ती खिडकी सताड उघडी टाकी, कारण ओतारी माणसाला धुराचा मार्ग आधी दिसतो. ते बोलू शकत नसल्यामुळे भुवयांनी सूचना देत. सगळ्या अंगणाला हे माहीत होतं आणि सगळं अंगण आपापल्या कामात होतं.

पंच आले ते एका सकाळी. तबकडी कड्यात बसते का पाहायला मी नेमका दुसऱ्या मजल्यावर गेलो होतो. मुलामेवाल्यांचे मस्यू बालाँ पुढे, जिन्यानं दमलेले, आणि मागे त्यांचा जोडीदार, जो कधीच बोलत नसे. खोलीत कोशेबाई निखाऱ्यांवर बासरीवाला पोरगा धरून बसलेली, हातात पितळी तारांचा कुंचला, आणि अंगावर उस्ताद ग्रादोंचा कातडी एप्रन.

“उस्ताद ग्रादो,” बालाँ म्हणाले, “या बाई कोण?”

ग्रादोबाबांनी तोंडाकडे बोट दाखवलं. तुकड्याचा धूर निघत असेतोवर नाणं काढायचं नाही, हा मुलामेवाल्यांचा नियम. तो मोडायला बालाँही सांगू शकत नव्हते. पोरग्याचा धूर निघत होता. आम्ही सगळे उभे राहिलो.

“मी यांना ओळखतो,” बालाँ म्हणाले. “खालच्या ओतारीणबाई ना तुम्ही?”

“होते,” कोशेबाई मान वर न करता म्हणाली. “आता यांची बायको आहे. ते दार लावून घ्या, वाऱ्यानं सोनं ओढतंय.”

उस्तादाच्या बायकोला उस्तादाच्या खोलीत हातभार लावता येतो. ते सगळ्या मंडळांना मान्य आहे. बालाँनी दार लावलं.

“आणि हे कधी झालं?”

“तुम्हाला बोलवायचं राहून गेलं. जिने फार आहेत आमच्याकडे.”

बालाँ मोठ्यानं हसले. मग पोरगा विस्तवावरून उतरला, सोनं घोटायचा अकीकाचा दगड बाजूला सारून वाइनची बाटली निघाली, आणि पंचांनी वधूवरांच्या आरोग्यासाठी पेला घेतला. “मुलामेवाल्यांत शेवटी कुणीतरी शहाणपणाचं लग्न केलं!” बालाँ ग्रादोबाबांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. ग्रादोबाबांनी नाणं गिळलं नाही, हे नशीब.

पावलं जिन्यावरून उतरल्यावर त्यांनी ते नाणं हातात काढलं. “इतकी वर्षं मी विचारलं,” ते म्हणाले, “आणि हो म्हणालीस ते बालाँला.”

“मी हो म्हटलं नाही. मी घड्याळ वाचवलं.”

इथंच मिटलं असतं. पण बालाँचे मामेभाऊ मस्यू रिकार हे ओताऱ्यांचे पंच होते आणि दोघं रविवारी एकत्र जेवत. पुढच्याच आठवड्यात रिकार अंगणात आले. ते किडकिडीत, नम्र आणि नेमके होते. टोपी काढून ते भट्टीपाशी उभे राहिले.

“मादाम, अभिनंदन. ही भट्टी कधी विझवायची?”

कोशेबाईनं चिमटा खाली ठेवला.

“बालाँ जेवताना पुष्कळ बोलतो,” रिकार म्हणाले. “त्याची ऐकण्यात चूक झाली असेल. तुम्ही विधवाच आहात असं मला सांगा, मी तसं लिहून घेतो, भट्टी तुमची. एक प्रत त्याच्याकडे पाठवावी लागेल, एवढंच.”

“म्हणजे ते वर येऊन घड्याळ उचलतील आणि ग्रादोची उस्तादी काढून घेतील.”

“ते त्यांचं मंडळ, मादाम. मला मुलाम्यातलं काय कळतं?”

“बरंय. त्यांना मी दुसऱ्या मजल्यावर बायको पाहिजे. तुम्हाला तळमजल्यावर विधवा.”

“मला दोन्ही चालेल,” रिकार म्हणाले, आणि मला वाटतं ते खरं बोलत होते. “फक्त एकच पाहिजे. सां-मार्तांच्या सणाला येतो.”

त्या संध्याकाळी ग्रादोबाबा जिना उतरून भट्टीच्या दारात आले. मी आणि सिमोनो विहिरीशी होतो; ऐकू येऊ नये असं ते बोलत नव्हते.

“मी बालाँकडे जातो. सांगतो, चूक माझी. तू नुसती तुकडा पोचवायला आली होतीस.”

“कुंचला माझ्या हातात होता.”

“म्हणेन, धरायला दिला होता.”

“उस्तादी जाईल.”

“जाऊ दे. तिला लावायला हात कुठं आहेत मला?”

“खाशील काय?”

“सूप.”

“आणि वर नेणार कोण? तुझ्या हातात वाडगा दिला तर जिनाच जेवतो.”

ग्रादोबाबा हसले. मग गंभीर झाले. “पेरीन, दोन हात गेलेच आहेत. त्यांच्यापायी भट्टी कशाला घालवायची? तुझ्या बापाची भट्टी आहे. तू विधवा राहा.”

कोशेबाई कपाट उघडून आतले नमुने मोजू लागली. आम्हाला ते नवीन होतं. मग म्हणाली, “जा आता वर. दारात उभा राहिलास की भट्टीची ओढ बिघडते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीचा धूर रोजच्यापेक्षा आधी निघाला आणि सणापर्यंत खंडला नाही. कपाटातले सगळे नमुने बाहेर आले. कोशेबाईनं बासरीवाले पोरगे ओतले, कुत्रे ओतले, कबुतरं, डमरूवाली माकडं, वाऱ्याचे देव, गुलाबांचे हार आणि डाव्या-उजव्या पानांच्या जोड्या ओतल्या. साच्याच्या वाळूचा ढीग विहिरीपर्यंत आला. सिमोनो विचारायचा, “इंग्रजांवर सोडणार का ही माकडं?” ती उत्तर द्यायची नाही, तिच्या कामगारांना शिव्या द्यायला तिला आवाज लागत होता. तयार माल थेट दुसऱ्या मजल्यावर चढू लागला. ग्रादोबाबांची खाट आधी भिंतीपासून सरकली, मग तिच्याखाली पोरगे दाटीवाटीनं झोपले, मग कुत्र्यांना जागा करायला पेटी जिन्यात आली.

“हे काय चाललंय?” ग्रादोबाबांनी मला विचारलं.

“तुम्ही विचारा,” मी म्हटलं.

“विचारलं. म्हणाली, पाय वर घे.”

सणाच्या सकाळी ती चर्चमध्ये गेली, निळा झगा घालून, ग्रादोबाबांच्या हाताला धरून. आम्ही साक्षीदार होतो. सही करताना त्यांचा हात तिनं धरला, त्यामुळे ती सही तिच्या अक्षरात आहे. परत आलो तेव्हा रिकार अंगणात थांबलेच होते.

“मादाम कोशे?”

“ग्रादो,” ती म्हणाली.

रिकारनी टोपी काढली. मग नियमाप्रमाणे जागेची पाहणी केली. तळमजला रिकामा होता. ते जिना चढून वर गेले, खाटेखाली वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“मुलामेवाल्याच्या घरी इतकं कच्चं ओतकाम?”

“मुलाम्याला आलंय.”

“हे ओतलं कधी?”

“विधवा असताना,” ती म्हणाली.

रिकारनी खिशातून नियमावली काढून उभ्या-उभ्या चाळली. कायदेशीर ओताऱ्यानं कायदेशीर मुदतीत ओतलेला माल कायदेशीर मुलामेवाल्याच्या खाटेखाली असू नये, असं तिच्यात कुठं सापडलं नाही. त्यांनी ती परत ठेवली. खाली येऊन विहिरीतून बादली काढली आणि भट्टीकडे निघाले.

“हळू,” ती म्हणाली. “एकदम ओतलंत तर विटा तडकतील.”

त्यांनी हळू ओतलं. ती शेजारी उभी राहून सांगत होती: आता इथं, आता थांबा, वाफ जाऊ द्या, आता मागच्या बाजूला. मग भट्टीच्या दारावर मंडळाची लाखेची मोहोर बसली. कामगार दुसऱ्या उस्तादांकडे गेले. नमुन्यांचं कपाट एका ओताऱ्यानं विकत नेलं. ते दारातून निघेना, तर दाराची चौकट तिनंच छिन्नीनं काढून दिली, आणि लग्नाच्या जेवणाला ती सगळ्यांत शेवटी आली.

न्यायाधीशांचं घड्याळ रूआंला पोचलं. त्यांना ते पसंत पडलं. तबकडीवर ज्यांचं नाव होतं त्यांना, म्हणजे लपँ यांना, तसा निरोप आला, आणि लपँ यांनी तो उदारपणे आम्हालाही ऐकवला.

खाटेखालची पोरं पुष्कळ वर्षं पुरली. मादाम ग्रादोनं दुसऱ्या मजल्यावर विस्तवावर उंच धुराडं बांधून घेतलं, ते आमच्या छपरातून, माझ्या उशाजवळून वर गेलं. ती मुलामा देई, आणि ते शेजारी खुर्चीत बसून तिच्यासाठी नाणं चावत. त्यांचे हात थांबले नाहीत, पण वाढलेही नाहीत. सूप ती स्वतः वर आणी. भांडणं ऐकू येत, बहुतेक धुराबद्दल. रविवारी ते फिरायला जात आणि परत आल्यावर आता दोघंही जिना चढत. ती मात्र खालच्या दारापाशी थांबून मोहोर शाबूत आहे का बघायची. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

पुढे वळणदार पानं लोकांना नकोशी झाली, रेघा सरळ हव्या झाल्या. म्हातारे राजे वारले, नवे आले. एका उन्हाळ्यात फर्मान निघालं की यापुढे ओतारी आणि मुलामेवाले यांचं मंडळ एकच. कारण फर्मानात दिलं होतं. ते लांब होतं. त्या कामाचा एक कारकून आमच्या जिन्यानं वर आला आणि त्यानं उभं राहून वाचलं: उभय मंडळांचे विलीनीकरण झाले असल्याने, पूर्वीचे निर्बंध रद्द समजून, उस्ताद ग्रादो यांच्या पत्नी, पूर्वीच्या कोशे, यांच्या तळमजल्यावरील भट्टीची मोहोर काढण्यात यावी, आणि सदर भट्टीत ओतकाम करण्यास त्यांना कायमची मोकळीक असावी.

मादाम ग्रादोनं एप्रनला हात पुसले. “कुठं?” तिनं विचारलं.

घरमालकानं ती भट्टी आदल्या हिवाळ्यात फोडली होती आणि जागा कोंबड्या पाळणाऱ्या एका बाईला भाड्यानं दिली होती. अंडी आम्ही सगळे तिच्याकडूनच घ्यायचो.